अंधेरीत स्वीडन खेळून गेलं, विक्रोळीच्या मुलींचं काय?

प्रति,
महिला फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत भरवणारे आयोजक, फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी आणि राज्याच्या क्रीडा खात्यातले अधिकारी यांस,



मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहते आणि आसपासच्या मुलींना फुटबॉल शिकवते. आमचा नोंदणीकृत क्लब नाही, पाठीशी कुठली कंपनी नाही. कन्नमवार नगर, टागोर नगर आणि रुळांपलीकडच्या पार्कसाईटमधून दहा ते सोळा वर्षांच्या मुली येतात. काही जणी आधी कबड्डी खेळायच्या, त्यामुळे अंगाला अंग भिडलं म्हणून त्या घाबरत नाहीत. हे पत्र या सगळ्या मुलींच्या वतीनं लिहिते आहे. गेल्या काही वर्षांत मुंबई परिसरात मुलींच्या आणि महिलांच्या फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धा झाल्या. त्यांच्याबद्दल आपल्याशी स्पष्ट बोलायची गरज आहे असं मला वाटतं.

आधी आपलं श्रेय आपल्याला देते. डिसेंबर २०१९ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात, म्हणजे मुंबई फुटबॉल अरेनावर, १७ वर्षांखालील मुलींची निमंत्रितांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. स्वीडन, थायलंड आणि भारत असे तीन संघ होते. थायलंडला मागे टाकून आपल्या मुली अंतिम सामन्यात गेल्या आणि तिथे स्वीडनकडून हरल्या. जानेवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई करंडक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात आला. २१ जानेवारीला अंधेरीच्या त्याच मैदानावर ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाचा १८-० असा पराभव केला. समांथा कर हिनं त्यात पाच गोल केले आणि टिम केहिलला मागे टाकून ती ऑस्ट्रेलियाची, पुरुष आणि महिला धरून, सर्वाधिक गोल करणारी खेळाडू झाली. हा विक्रम वीरा देसाई रोडवर झाला, आणि आमच्या वस्तीत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला आणि ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवून तो जिंकला. त्या दिवशी मैदानात असलेल्या स्पेनच्या व्हिकी लोपेझ आणि कोलंबियाच्या लिंडा कायसेडो या आज जगातल्या नामवंत खेळाडूंमध्ये गणल्या जातात.

तीन वर्षांच्या आत एवढं सगळं आमच्या घरापासून लोकल आणि मेट्रोच्या अंतरावर येऊन गेलं. विक्रोळीहून घाटकोपर, तिथून मेट्रोनं आझाद नगर, की अंधेरीचं मैदान चालत गाठता येतं. हे सगळं इथं आणायला किती पत्रव्यवहार, किती परवानग्या आणि किती पैसा लागला असेल याची मला कल्पना आहे. त्याबद्दल मनापासून आभार.

माझी तक्रार त्यानंतरच्या गोष्टींची आहे. स्पर्धा भरवली म्हणजे खेळ वाढला, असं आपण धरून चालता. तसं होत नाही, हे मी रोज मैदानावर बघते.

२०१९ च्या त्या संघाचंच बघा. अंधेरीतली स्पर्धा नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात होणार असलेल्या विश्वचषकाच्या तयारीसाठी होती. २००३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींचा तो संघ. मग करोना आला. विश्वचषक आधी फेब्रुवारी २०२१ वर गेला, मग रद्दच झाला आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. पण २०२२ साठी जन्मवर्षाची मर्यादा २००५ झाली. म्हणजे अंधेरीत स्वीडनशी झुंजलेल्या मुलींपैकी ज्या २००३ आणि २००४ मध्ये जन्मल्या होत्या, त्यांच्या वाट्याला घरच्या मैदानावरचा विश्वचषक कधीच आला नाही. साथीला कुणी जबाबदार नव्हतं. पण त्या मुलींसाठी पुढच्या वयोगटाचं वेळापत्रक, सामने आणि शिबिरं ताबडतोब जाहीर व्हायला हवी होती. आज माझ्याकडच्या चौदा वर्षांच्या मुलीचे वडील मला विचारतात, "हे खेळून पुढे काय?" त्यांना सांगायला माझ्याकडे त्या संघाचं उदाहरण हवं होतं. ते मला देता येत नाही.

आशियाई करंडकात तर आपला संघ स्पर्धेत टिकलाच नाही. २० जानेवारी २०२२ ला इराणशी ०-० अशी बरोबरी झाली आणि २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध मैदानात उतरवायला किमान लागणाऱ्या १३ खेळाडूही उरल्या नाहीत, कारण संघात करोना पसरला होता. यजमान देश स्पर्धेबाहेर गेला आणि आधी झालेला सामनाही रद्दबातल ठरला. २०२३ च्या विश्वचषकाला आशियातून कोण जाणार हे याच स्पर्धेतून ठरायचं होतं. खेळाडूंनी वर्षभर घाम गाळला आणि संधी हॉटेलच्या खोलीत संपली. त्यानंतर ऑक्टोबरात भुवनेश्वरला १७ वर्षांखालील संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. सोळा गोल खाल्ले, एकही करता आला नाही. महाराष्ट्राची काजोल डिसूझा त्या संघात होती. मी त्या मुलींना दोष देत नाही. काही महिन्यांचं शिबिर आणि युरोपचे दौरे एवढ्या शिदोरीवर त्यांना ब्राझीलसमोर उभं केलं गेलं. समोरच्या मुली त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त सामने खेळून आलेल्या होत्या. त्यात स्पर्धेच्या दोन महिने आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, भारतीय फुटबॉल संघटनेच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून फिफानं भारताला निलंबित केलं होतं आणि यजमानपद जवळजवळ हातचं गेलं होतं. खुर्चीच्या भांडणाची किंमत मुली मोजणार होत्या.

आणि आता २०२५ बघा. ५ जुलैला थायलंडमधल्या चिआंग माई इथं संगीता बास्फोरच्या दोन गोलांच्या जोरावर आपल्या महिला संघानं थायलंडला २-१ हरवलं आणि आशियाई करंडकात प्रवेश मिळवला. पात्रता फेरी खेळून तिथं पोहोचण्याची ही पहिलीच वेळ. ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघ आपल्या वयोगटाच्या आशियाई करंडकासाठी पात्र ठरला, ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील संघानं उझबेकिस्तानला हरवून तेच केलं. २०२२ मध्ये यजमान म्हणून दार उघडं मिळालं होतं. २०२५ मध्ये मुलींनी ते स्वतः उघडलं. यजमानपदावर जेवढी भाषणं झाली त्याच्या पाव हिस्साही या पात्रतेवर आपल्या राज्यात झाली नाहीत.

मी निमंत्रितांच्या स्पर्धांच्या विरोधात नाही. उलट मला त्याच हव्या आहेत, मात्र वेगळ्या रीतीनं. महिला फुटबॉल वाढलाच मुळी अशा स्पर्धांवर. १९८६ च्या फिफा अधिवेशनात मेक्सिको सिटीत नॉर्वेच्या एलेन विले यांनी व्यासपीठावर जाऊन महिलांच्या विश्वचषकाची मागणी केली. फिफानं आधी चाचणी म्हणून जून १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात १२ देशांना बोलावलं. नॉर्वेनं स्वीडनला १-० हरवून ती निमंत्रित स्पर्धा जिंकली, लोकांनी मैदानं भरली आणि १९९१ मध्ये चीनमध्येच पहिला अधिकृत विश्वचषक झाला. पोर्तुगालमध्ये १९९४ मध्ये सुरू झालेली अल्गार्वे करंडक स्पर्धा समुद्रकाठच्या लहान गावांच्या साध्या मैदानांवर वाढली. तिची ताकद भव्य स्टेडियममध्ये नव्हती, वारंवार येणाऱ्या पाहुण्या संघांमध्ये होती.

आपल्या खेळाडूंनाही निमंत्रणाचा फायदा झाला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या मनौस शहरातल्या चार देशांच्या स्पर्धेला भारताला बोलावणं आलं. ब्राझीलच्या फोर्मिगाचा तो निरोपाचा सामना होता. आपण ६-१ असे हरलो, पण तो एक गोल पंजाबच्या मनीषा कल्याणनं केला होता. पुढच्याच वर्षी ती सायप्रसच्या अपोलॉन क्लबमध्ये गेली आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. २०२४ मध्ये तुर्कस्तानातल्या निमंत्रित स्पर्धेत आपण एस्टोनियाला ४-३ हरवलं. ताकदीनं वरचढ संघांशी वारंवार गाठ पडली की खेळ सुधारतो, हे आमच्या मैदानावरच्या मुलींनाही समजतं. त्या स्वतःहून म्हणतात, ताई, मुलांच्या संघाशी सामना लावा.

एक जुनी गोष्ट आठवणीत असू द्या. १९८० मध्ये कोझिकोडला झालेल्या आशियाई महिला स्पर्धेत भारत उपविजेता होता, १९८३ मध्येही उपविजेता. तेव्हा आपण आशियात दुसरे होतो. त्यानंतर इतकं दुर्लक्ष झालं की २००९ मध्ये बराच काळ सामनेच न खेळल्यामुळे फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नाव गळलं. घरी स्पर्धा भरवणं आणि खेळ जिवंत ठेवणं यांतलं अंतर या देशानं एकदा भोगलेलं आहे.

आता आमच्या मैदानाचं सांगते, कारण आपल्या बैठकांमध्ये ते कुणी मांडत नाही.

वस्तीतलं मोकळं मैदान सगळ्यांचं असतं, म्हणजे प्रत्यक्षात मुलग्यांचं असतं. रविवारी दिवसभर टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा. नवरात्र संपलं की मांडवाच्या बांबूंचे खड्डे तसेच राहतात, त्यात पाय मुरगळतो. म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेत रेती आणि सळया येऊन पडतात. अंधार लवकर पडतो तेव्हा दिवे नसतात. आमच्या वाट्याला शाळा सुटल्यावर आणि क्लासला जायच्या आधी उरणारा वेळ येतो, आणि त्याच वेळी घरी नळाला पाणी आलं तर मोठी मुलगी मैदानावर येत नाही. जाळी लावलेली खासगी टर्फ आता पूर्व उपनगरात बरीच झाली आहेत, पण त्यांचं तासाचं भाडं ऑफिस सुटल्यावर खेळणाऱ्या नोकरदारांना परवडतं, आम्हाला नाही.

सगळ्यात मोठी अडचण स्वच्छतागृहाची. मैदानालगत मुलींना वापरता येईल असं उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नाही. त्यामुळे मुली सरावाच्या आधी पाणी प्यायचं टाळतात. एप्रिल-मेच्या उन्हात, दीड तास धावायचं असताना, पाणी न पिता येतात. पाळीच्या दिवसांत काही जणी येतच नाहीत. निवड चाचणीत मग त्या दमतात आणि त्यांचा दम कमी पडतो असा शेरा मिळतो. एका नळाचा आणि एका कुलपाचा हा प्रश्न कुठल्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या खर्चात दिसणारसुद्धा नाही.

सामन्यांचंही तसंच. शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. नवखा संघ पहिल्या सामन्यात ०-७ हरतो आणि मुलींचं वर्ष तिथंच संपतं. पुढचा खरा सामना पुढच्या पावसाळ्यात. वर्षात एक सामना खेळून कुणी फुटबॉलपटू होत नाही. बांगलादेशात मैमनसिंग जिल्ह्यातल्या कोलसिंदूर या खेड्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेच्या मुली शालेय स्पर्धेतून पुढे आल्या आणि त्यांच्यातल्या अनेक जणी देशाच्या संघात पोहोचल्या. बांगलादेशानं २०२२ आणि २०२४ अशी लागोपाठ दोनदा दक्षिण आशियाई स्पर्धा जिंकली आणि २०२६ च्या आशियाई करंडकातही जागा मिळवली. साधनं त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त नव्हती. लहान मुलींना खेळायला सामने होते.

क्रिकेटचं उदाहरण मुद्दाम देते. ज्या डी. वाय. पाटील मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ ला फुटबॉलचा अंतिम सामना झाला, तिथंच बरोबर तीन वर्षांनी, ३० ऑक्टोबर २०२५ ला, महिलांच्या क्रिकेट विश्वचषकात जेमिमा रॉड्रिग्जनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि तीन दिवसांनी भारत विश्वविजेता झाला. जेमिमा लहानपणी भांडुपला राहायची. विक्रोळीहून कांजूरमार्ग आणि मग भांडुप, एवढंच अंतर. खेळाच्या चांगल्या सोयींसाठी तिच्या कुटुंबानं भांडुप सोडून वांद्र्याला बिऱ्हाड हलवलं. त्या आईवडिलांपुढे मी मान झुकवते. पण घर बदलणं किती जणांना जमणार? आमच्याकडच्या एका मुलीची आई कांजूरला घरकाम करते, एकीचे वडील रिक्षा चालवतात. पूर्व उपनगरातल्या मुलीला पूर्व उपनगरातच खेळाडू होता आलं पाहिजे.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २०२२ मध्ये युरोप दौऱ्यावर असलेल्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघातल्या एका सहप्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकलं गेलं. ती बातमी आमच्या वस्तीतल्या आयांनी वाचली. त्यानंतर बाहेरगावच्या शिबिराचं नाव काढलं की त्या आपापल्या मुलीचा हात घट्ट धरतात. कारवाई झाली हे योग्यच झालं. पण मुलींच्या प्रत्येक संघासोबत जबाबदार महिला अधिकारी कोण असेल, तक्रार कुणाकडे करायची, तिचं उत्तर किती दिवसांत मिळेल, हे पालकांना मराठीत, कागदावर, शिबिराच्या आधी कळलं पाहिजे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांच्यासारख्या उच्च परवाना मिळवलेल्या प्रशिक्षक आपल्याच राज्यात घडल्या. अशा आणखी बायका घडवा. परवान्याचे अभ्यासक्रम उपनगरांत घ्या, शिक्षिकांना शुल्कात सवलत द्या.

मग मला नेमकं काय हवं आहे ते सांगते. दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात, शाळांच्या परीक्षा टाळून, १४ किंवा १६ वर्षांखालील मुलींची चार संघांची एक लहान निमंत्रित स्पर्धा मुंबई उपनगरात भरवा. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांना बोलवा, ते प्रवासाच्या माफक खर्चात येऊ शकतात. चौथा संघ देशाचा न ठेवता मुंबई आणि कोल्हापूरच्या मुलींमधून निवडा. कोल्हापुरात फुटबॉल घराघरात आहे आणि तिथल्या महिला संघानं इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळूनही दाखवलं आहे. प्रत्येक सामन्याआधी त्याच मैदानावर उपनगरातल्या दोन शालेय संघांचा सामना ठेवा, म्हणजे विक्रोळी, मानखुर्द, मालाडच्या मुली प्रेक्षक म्हणून आणि खेळाडू म्हणूनही तिथं असतील. पाहुण्या संघांचा एक सराव आमच्यासारख्या वस्तीतल्या मैदानावर होऊ द्या. त्या निमित्तानं ते मैदान सपाट होईल, दिवे लागतील आणि स्वच्छतागृहाचं कुलूप निघेल. ते पुन्हा लागणार नाही याची जबाबदारी महापालिकेनं लेखी घ्यावी.

मुलींच्या सरावासाठी सार्वजनिक मैदानांवर आठवड्यातल्या ठरावीक वेळा राखून ठेवा आणि त्या वेळांचा फलक मैदानाच्या दारात लावा. तोंडी परवानगी पहिल्या क्रिकेट स्पर्धेत विरघळते. शालेय स्पर्धेत बाद फेरीआधी साखळी सामने घ्या, निदान प्रत्येक संघाला तीन सामने मिळतील एवढे. आणि ज्या मुलींचं वय एखाद्या स्पर्धेच्या मर्यादेबाहेर जातं, त्यांच्यासाठी पुढचा संघ कोणता हे स्पर्धा संपायच्या आधी जाहीर करा.

१४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा राज्य सरकारच्या 'महादेवा' या फुटबॉल योजनेचा गाजावाजा झाला. १३ वर्षांखालच्या मुलांबरोबर मुलींनाही त्यात जागा आहे, याचा मला आनंद आहे. त्या निवड चाचण्यांपर्यंत पोहोचायला मुलीला आधी चार वर्षं कुठंतरी खेळायला मिळालं पाहिजे. ती चार वर्षं आमच्यासारख्या मैदानांवर जातात. योजनेतला पैसा तिथपर्यंत आणा.

आपल्यापैकी कुणी विक्रोळीला यायचं ठरवलं तर मी आणि मुली मैदान दाखवू, खड्डे दाखवू, कुलूप दाखवू आणि त्यानंतर सामनाही दाखवू. पुढच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणा करण्याआधी ही भेट व्हावी, आणि घोषणेत मैदानांची, सरावाच्या वेळांची आणि त्यासाठी राखलेल्या रकमेची यादी असावी, एवढी विनंती आहे.

आपली,
मुलींना फुटबॉल शिकवणारी एक प्रशिक्षक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई